घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडलं आणि घोडा का अडला? लहानपणी आजीने घातलेलं हे कोडं आपल्यापैकी बहुतेकींना पाठ असेल. तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! त्यातलं भाकरीचं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. पानाचं सासूबाईंच्या पानाच्या डब्याने शिकवलं. घोड्याचं कळायला मात्र पंचेचाळिशी गाठावी लागली. आणि कळलं तेही जरा वेगळंच. घोडा न फिरवल्याने अडतो हे खरं, पण नुसता फिरवत राहिल्यानेही अडतो.

आता तुम्ही म्हणाल, या बाईचा आणि घोड्याचा काय संबंध? बरोबर आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. घोडा पाहिला तो महाराजांच्या पुतळ्यात आणि नवरदेवाच्या वरातीत. पण गेली अठरा वर्षं मी नेरळला राहते आणि आमच्या डोक्यावरच माथेरान आहे. बचत गटांच्या कामासाठी महिन्यातून एकदा तरी वर जाणं होतंच. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी, नाहीतर शटल गाडीने, नाहीतर घोड्यावर. २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही आल्या, पण घोडा काही हटलेला नाही. परवान्याचे घोडेच साडेचारशेच्या घरात आहेत. पर्यटक घोड्यावर, बॅगा घोड्यावर, वाण्याचा किराणा घोड्यावर. एकेका घोड्यावर एकेक चूल पेटते म्हटलं तरी चालेल.

आमच्या गटातल्या दहा बायकांपैकी सहा घोडेवाल्यांच्या घरातल्या. तरी इतकी वर्षं आम्ही कशावर बोलायचो, तर पापड, लोणची, चिक्की आणि कर्जाचे हप्ते. घोड्याचा विषय कधी निघालाच नाही. घोडा म्हणजे पुरुषांचं खातं, असंच माझ्या डोक्यात. निघाला तो २९ जानेवारी २०२४ च्या सोमवारी.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग तीन दिवस मुंबई-पुण्याची माणसं माथेरानवर नुसती लोटली होती. सोमवारी गर्दी ओसरली, म्हणून आम्ही दुपारी बैठक ठेवली. सगळ्या आल्या, खजिनदार वहिनी तेवढी नाही. ती कधीच चुकत नाही. म्हणून मीच तिच्या घरी गेले, तर अंगणात ही गर्दी! मधोमध राणी, त्यांची तांबूस घोडी, पुढच्या पायाने जमीन उकरत होती. सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. मध्येच वरचा ओठ उलटा करायची, बसायची, लोळू बघायची, पुन्हा उठायची. जानेवारीच्या गारव्यात अंगाला घाम सुटलेला.

वहिनी लगाम धरून उभी. मला बघून म्हणाली, “ताई, कालपासून लीद धड नाही तिची. काल पहाटे चार-पाच गोट्या पडल्या, त्याही सुक्या खडखडीत, वरून चिकट पडदा. मी ह्यांना सांगितलं, आज नका नेऊ. तर म्हणाले, तीन दिवस तर धंदा आहे, संध्याकाळी बघू.”

दादा बाजूला खाली मान घालून उभे होते. ते काही वाईट माणूस नाहीत. घोड्याला चाबूक लावलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. पण सीझनचा रविवार सोडणं म्हणजे घोडेवाल्याला पंधरा दिवसांचं रेशन सोडण्यासारखं वाटतं.

अंगणात जेवढी माणसं, तेवढे वैद्य. कोणी म्हणे, पळवा तिला, गाठ सुटेल. सासूबाई गोडंतेल गरम करून त्यात हिंग-ओवा घालून बाटली घेऊनच आल्या होत्या. तोंड वर धरून ओतायचं! डॉक्टरबाई त्या दिवशी खाली गेल्या होत्या. फोन लागला तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य ओरडून सांगितलं, “तोंडातून काहीही ओतू नका!” खाणं समोरून काढा, लोळायला लागली तर उठवून हळूहळू चालवा, पण दमवू नका, मी येते.

तेल का ओतायचं नाही, हे मला नंतर समजलं. मान वर धरून ओतलेलं तेल घशातून अन्ननलिकेत न जाता सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग पोटशूळ राहतो बाजूला आणि जनावर फुप्फुसं बिघडून जातं. आणि दुसरी गोष्ट तर मी पहिल्यांदाच ऐकली. घोड्याला उलटी होत नाही! जठराच्या तोंडाशी स्नायूंची अशी घट्ट गाठ असते की आत गेलेलं वर येत नाही. आपल्याला काही बाधलं तर एक उलटी होते आणि मोकळं वाटतं. घोड्याला ती सोय देवाने दिलेली नाही. जे गेलं ते खालूनच बाहेर पडायला हवं. त्यात त्याचं आतडं हे लांबलचक, मोठ्या आतड्याला मध्ये एक वळण, आणि त्या वळणावर वाट अरुंद. पाणी कमी पडलं, चारा कोरडा गेला की तिथेच गोळा अडकतो. कोड्यातला घोडा बाहेरून अडतो, हा आतून अडलेला.

डॉक्टरबाई दस्तुरीपर्यंत टॅक्सीने आणि तिथून दुसऱ्या कोणाच्या तरी घोड्यावर बसून आल्या. ताप पाहिला. शेपटीला दोरा बांधलेला थर्मामीटर मी पहिल्यांदाच पाहिला. नाडी मोजली, मिनिटाला ५६. निरोगी घोड्याची शांत उभं असताना २८ ते ४४ असते. मग कुशीला स्टेथोस्कोप लावला आणि माझं कुतूहल बघून माझ्याही कानाला दिला. “काय ऐकू येतंय?” “काहीच नाही.” “तेच तर वाईट. निरोगी घोड्याच्या पोटात सारखी गुडगुड चालू असते.” मग वेदना कमी करायचं इंजेक्शन, हाताला लांब मोजा चढवून आतून तपासणी, आणि नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालून त्यातून लिक्विड पॅराफिन आणि पाणी. तेलच दिलं, पण योग्य वाटेने. सासूबाई पुटपुटल्या, “मी तरी वेगळं काय देत होते!”

मी शेवटच्या टॅक्सीने खाली आले. रात्रभर डोळा लागला नाही. त्या घोडीसाठी गटातून कर्ज काढलेलं होतं, अजून सात हप्ते बाकी. कर्ज वहिनीच्या नावावर आणि परवाना दादांच्या. पहाटे पाचला फोन वाजला. पलीकडून रडवेला, हसरा आवाज, “ताई, राणीने लीद टाकली!” मी अंथरुणातूनच मोठ्याने “टाकली?” म्हटलं, तर आमचे हे दचकून जागे, “काय टाकली? कोणी टाकली?” खरं सांगते, नातू झाल्याचा फोन आला असता तर याहून जास्त आनंद झाला नसता.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आम्ही पापड-लोणची बाजूला ठेवली आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या प्रश्न टाकला, “पहाटे उठून पागा कोण साफ करतं?” सहाच्या सहा हात वर. “चणे कोण भिजवतं? चंदी कोण मिसळतं? पाण्याच्या बादल्या कोण भरतं?” हात वरच. “मग घोडा कोणाचा?” यावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. “ह्यांचा!”

लगाम धरून पॉइंटवर जाणारा माणूस लोकांना दिसतो. पण लीद कशी पडली, किती पडली, तोबऱ्यात काल किती उरलं, हे ज्या बाईला पहाटे पाचला ठाऊक असतं, तिला कोणी विचारत नाही. पशुसखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेळ्या-कोंबड्या येतात. घोड्याची सखी कोणाला आठवत नाही.

त्या दिवशी जे ऐकलं, त्यातलं निम्मं बायकांना आधीच ठाऊक होतं. फक्त ‘का’ ते ठाऊक नव्हतं. लिदीचंच घ्या. निरोगी घोडा दिवसभरात आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. गोळे ओलसर, पडल्यावर फुटतील असे. गोळे लहान, कोरडे झाले, वर चिकट थर आला, की समजायचं आत पाणी कमी पडतंय. राणीने आदल्या दिवशी पहाटेच सांगितलं होतं आणि वहिनीला ते ऐकूही आलं होतं.

आणि पाणी! तीनशे किलोच्या तट्टाला नुसतं उभं असताना दिवसाला पंधरा लिटर लागतं, काम असेल तर दुप्पट. आम्हाला वाटायचं उन्हाळ्यात जपावं. पण पोट बांधण्याचा धोका थंडीतही तेवढाच, कारण गार पाणी घोडा कमी पितो. राणीच्या बाबतीत तेच झालं होतं. तीन दिवस पाठोपाठ फेऱ्या, मध्ये बादली दाखवायला कोणाला फुरसत नाही, आणि रात्री समोर आलं ते बर्फासारखं पाणी. वहिनी आता हिवाळ्यात चुलीवरचं आधण मिसळून कोमट करून देते. धावून आलेल्या, घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, ही एक जुनी समजूत. सासूबाईंची पिढी ती अगदी शपथेवर सांगते. डॉक्टरबाई म्हणाल्या, उलट लगेच पाजा. हवं तर थोडं थोडं, पण तहानलेलं ठेवू नका. थांबायचं ते चंदीसाठी. दाणा मात्र जनावर निवल्यावर, तासाभराने. आणि घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट, म्हणून चंदीत मीठ हवंच. पाणी कमी पडलंय का हे बघायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. पटकन बसली तर ठीक, चिमटी तशीच उभी राहिली तर बादली आणा.

चाऱ्याच्या बाबतीत मला घोड्याची दयाच आली. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-पंधरा तास चरत असतो. जठर लहान, पण त्यात आम्ल सारखं तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. म्हणून दोन वेळा भरपेट जेवण ही आपली पद्धत त्याला चालत नाही. थोडं थोडं, सारखं, आणि त्यातही गवत मुख्य. तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार किलोपासून सहा किलोपर्यंत वाळलं गवत रोज हवं. चणे, जव, कोंडा हे वरचं. घोडेवाल्यांचा सगळा जीव मात्र चण्यात. घोड्याला चणे म्हणजे माणसाला बदाम! गवत महाग झालं की गवत कमी करतात आणि चणे वाढवतात. जसं आपण पोळी-भाजी बंद करून मुलाला नुसते लाडू खायला घालावेत.

याच संदर्भात ते कोडं पुन्हा भेटलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माथेरान ओस पडलं. माणसांच्या खाण्याचे वांधे, तिथे घोड्यांचं काय! अनेक संस्थांनी त्या वेळी चारा-दाणा पाठवला, म्हणून जनावरं जगली. वहिनीकडे पैसेच नव्हते. तिने चणे बंद करून नुसत्या गवतावर राणीला ठेवलं आणि रोज अंगणाभोवती फिरवलं. तिला वाटायचं, आपण घोडीचे हाल करतोय. शेजारच्या घरी मिळालेला दाणा प्रेमाने भरपूर घातला, घोडा बांधून ठेवला. सप्टेंबरात माथेरान उघडलं. पहिल्याच फेरीला तो घोडा अर्ध्या वाटेत लाकडासारखा ताठ झाला. पाठीचे, मांड्यांचे स्नायू दगड, लघवी काळसर. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा फार जुना आजार आहे. रविवारी सुट्टी म्हणून बांधून ठेवलेला, पण दाणा पुरता घातलेला घोडा सोमवारी कामाला जुंपला की अडतो. काम नसेल त्या दिवशी दाणा अर्ध्याहून कमी करा आणि जनावर थोडं फिरवा. आजीचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं तर!

दातांचं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. घोड्याचे दात वर्षानुवर्षं थोडे थोडे वर येत राहतात आणि चावून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे कडा नीट झिजत नाहीत. त्यांची पाती होतात, गालाला आणि जिभेला कापतात. मग घोडा अर्धवट चावलेले घासाचे बोळे तोंडातून खाली टाकतो. आम्ही म्हणतो, नखरे करतो! राणीच्या तोंडात लाकडी पट्टी धरून बॅटरीने पाहिलं तर आत गालाला ही जखम. न चावलेलं गवत, त्यात पाणी कमी. आतड्यात गोळा व्हायला आणखी काय हवं? वर्षातून एकदा डॉक्टरकडून दात कानशीने घासून घ्यायचे, बस्स.

खुरांचा विषय निघाला तेव्हा मात्र बायका मलाच शिकवायला लागल्या. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी यायला हवा. नाल झिजली नसली तरीसुद्धा, कारण खूर वाढलेला असतो. फेरीवर जाण्याआधी आणि आल्यावर खुराच्या तळातली माती आणि खडे टोकरून काढायचे. पावसाळ्यात माथेरानची तांबडी माती चिखल होऊन तिथे भरून बसते आणि तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो. काळं पाणी आणि असा वास येतो की विचारू नका. म्हणून राहायची जागा कोरडी हवी. घोडा उभ्याने डुलक्या घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं पडावंच लागतं, आणि ओल्या जागी तो पडत नाही. वहिनीने राणीखाली रोज सुकं गवत अंथरायला सुरुवात केली तेव्हा दादा हसले होते, “आता उशी पण दे!”

रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो आपण बातम्यांमध्ये वाचलाच असेल. घोडेवाल्यांचं म्हणणं, त्यावर लोखंडी नाल घसरते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लाल धुळीने माणसांचे श्वास जातात, म्हाताऱ्यांना चालता येत नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. पण उतारावर घसरलेल्या घोड्याचे सोललेले गुडघे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

एक गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. आमच्याच गटातल्या एकीचा घोडा. खुरात खिळा घुसला, तिने तो काढून हळद भरली, जखम बुजली, सगळे विसरले. दहा-बारा दिवसांनी त्याचे कान ताठ झाले, शेपूट उचललेली राहायला लागली, चारी पाय फाकवून लाकडी घोड्यासारखा उभा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे यायचा. तोंड उघडेना. धनुर्वात. माणसांना होतो तोच, पण घोडा त्याला फार लवकर बळी पडतो, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत आणि खुद्द लिदीतच असतात. तिसऱ्या दिवशी गेला. लस असते, फार खर्चाचीही नाही. पहिल्यांदा महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग वर्षाला एक. पोराच्या लसीचं कार्ड त्या बाईने जपून ठेवलं होतं. घोड्यालाही लस असते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाकी आजारांबद्दल लांबण लावत नाही. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, जनावर वाळत जातं, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो. ग्लँडर्स मात्र भयंकर. नाकातून घट्ट चिकट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी. २००६ साली महाराष्ट्रातल्या घोड्यांमध्ये तो आढळला होता. तो माणसांनाही होतो, आणि बाधित घोड्याला उपचार न करता कायद्याने मारावंच लागतं. म्हणून नवा घोडा आणला की आधी रक्त तपासून घ्यायचं, आणि अनोळखी घोड्याच्या बादलीत आपल्या घोड्याला तोंड घालू द्यायचं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पाठीवर बसणाऱ्यांबद्दल. घोड्याने खोगिरासकट स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच ओझं घ्यावं, असा साधारण हिशेब सांगतात. तीनशे किलोचं तट्टू म्हणजे साठ किलो. हे ऐकल्यावर सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अठ्ठ्याहत्तर किलोची आहे. पायीच जाते! तुम्ही कधी गेलात तर बसण्याआधी खोगिराची कडा जरा उचलून बघा. पाठीवर ओली जखम असेल तर दुसरा घोडा मागा. वाद घालायची गरज नाही, घोडेवाल्याला बरोबर कळतं. चढ-उतारावर घोडा थांबला तर टाचा मारू नका. आणि पाव, बिस्किटं, मक्याची कणसं घालू नका. भूतदया आपली होते, पोट त्याचं बांधतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं सव्वासहा लाख होती, २०१९ मध्ये तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांनी राज्य उभं केलं त्यांच्या मुलखात उरलेल्या घोड्यांना निदान कणसं खाऊन मरण येऊ नये.

त्या बैठकीनंतर गटाने एक वही केली. हिशेबाच्या वहीसारखीच, रकाने आखून. लीद, पाणी, नाडी, खूर गरम की गार. लिहायचं बायकांनी. पुरुषमंडळींनी थट्टा केली, “आता घोड्याचा पण हप्ता लिहिणार का?” पण खरा प्रश्न वहीचा नव्हताच. वहीत वाईट लिहिलं तर त्या दिवशी घोडा घरी राहणार का, हा होता.

मे महिन्यात तो दिवस आला. ऐन सीझनचा रविवार. राणीचा पुढचा डावा खूर वहिनीला गरम लागला. ठोके बोटाला जाणवत होते. लंगडत नव्हती, म्हणजे अजून नव्हती. वहिनी म्हणाली, आज नाही. दादा म्हणाले, नीट चालतेय की! ती म्हणाली, तेव्हाही नीटच चालत होती. आणि तिने खोगीर आत नेऊन ठेवलं. दादा दिवसभर घरात बसून राहिले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सोमवारी नालबंदाने नाल काढली, तर एक खिळा आतल्या जिवंत भागाच्या अगदी जवळ गेलेला, आणि तिथे पू धरायला लागला होता. आठवडा गेला त्यात. बुडालेल्या रविवारचे पैसे बुडालेच, ते काही भरून आले नाहीत. त्या महिन्याचा हप्ता गटाने पुढे ढकलला. त्यावरही दोघीजणी कुरकुरल्या, “आमचे घोडे आजारी पडले तर आम्हालाही सवलत हवी मग.” आता तसा ठराव झाला आहे.

गेल्या थंडीत मी वर मुक्कामाला होते. पहाटे जाग आली तर वहिनी अंगणात. शाल गुंडाळलेली, जबड्याच्या हाडाखाली दोन बोटं लावून राणीची नाडी बघत होती. दुसऱ्या हातात तिच्या मुलीचं शाळेचं घड्याळ. दारात दादा खोगीर खांद्यावर घेऊन उभे.

“काय गं, सोडू का?”

तिने वर पाहिलं नाही. घड्याळाचा हात तेवढा किंचित उचलला. थांबा, मोजते आहे.